वाचकांचे प्रश्न : सिम्युलेटर जागचा हलत नाही, मग पाठ सीटला का चिकटते?

मागच्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहून गेलो होतो की विमानाचा सिम्युलेटर हा एका हॉलमध्ये सहा पायांवर उभा असलेला डबा, तो दारापर्यंत पण जात नाही आणि आतला माणूस मात्र घाम पुसत लँडिंग करून बाहेर येतो. त्यावर इतके मेल आले की संपादक म्हणाले आता या महिन्याचं सदर याच्यावरच होऊन जाऊ दे. आधीच सांगतो, मी पायलट नाही, मी वीसेक वर्षं सिम्युलेटरच्या मेंटेनन्सला होतो, म्हणजे हा डबा आतून कमी आणि बाहेरून जास्त बघितलेला माणूस. आणि खरं सांगायचं तर बाहेरून बघणाऱ्यालाच यातली चलाखी जास्त कळते.

प्रश्न : भाचा पायलटचं ट्रेनिंग घेतोय, त्याच्या ओळखीने मला पाच मिनिटं सिम्युलेटरमध्ये बसायला मिळालं. टेकऑफला पाठ सीटला अशी दाबली गेली की मी हँडल धरलं, आणि ते चांगलं अर्धा मिनिट चाललं. मग दुसऱ्याचा टेकऑफ बाहेरून बघितला तर डबा जरासा पुढे सरकला आणि नाक वर करून नुसता उभा राहिला! मग मला मागे कोण ढकलत होतं? (निवृत्त शिक्षक, कराड)

सर, तुम्हाला कोणीच ढकलत नव्हतं, तुम्ही फक्त मागे कललेल्या खुर्चीत बसला होता आणि तुमचंच वजन तुम्हाला सीटमध्ये दाबत होतं. पण तुम्हाला ते "आपण मागे कललोय" असं न वाटता "आपण सुसाट पुढे चाललोय" असं वाटलं, सगळी गंमत तिथेच आहे.

हिशोब बघा. प्रवासी विमान रनवेवर धावताना साधारण पाव जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पाव हिस्स्याएवढा, जोर लावतं, म्हणजे दर सेकंदाला वेग अडीच मीटर प्रति सेकंदाने वाढतो. हे खरोखर करून दाखवायचं म्हटलं तर डब्याला पहिल्या सेकंदात सव्वा मीटर पुढे जायला लागेल, दोन सेकंदांत पाच मीटर, आणि अर्ध्या मिनिटात एक किलोमीटरच्या वर. आमच्या डब्याच्या पायांची लांबी कमी-जास्त व्हायची ती दीड मीटरच्या आसपास. म्हणजे खरा धक्का द्यायला हातात जेमतेम एक सेकंद, नंतरचं सगळं नाटक.

हे नाटक चालतं कारण आपल्या कानाला एक गोष्ट ओळखता येत नाही. आतल्या कानात दोन वेगळी यंत्रं आहेत. एक म्हणजे तीन अर्धवर्तुळाकार नळ्या, त्यांच्यात पातळ पाणी असतं, डोकं फिरलं की ते मागे राहतं आणि त्यावरून आपण वळतोय हे कळतं. दुसरं म्हणजे दोन छोट्या पिशव्या, त्यांच्यात एका चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे बसलेले असतात. तुम्ही पुढे झेपावलात की हे खडे जडपणामुळे मागे सरकतात. आणि तुम्ही मागे कललात तरी ते मागेच सरकतात, कारण गुरुत्वाकर्षण त्यांना ओढतं. खड्यांच्या दृष्टीने दोन्ही अगदी एकच. ही काही कानाची बनावट कच्ची आहे म्हणून नाही हं, जोर आणि गुरुत्व यांच्यात नुसत्या वजनावरून फरक करताच येत नाही हे आइन्स्टाइनचं तत्त्व आहे, तिथे बिचारे खडे काय करणार.

मग सिम्युलेटर काय करतो, तर आधी खरोखर एक छोटा झटका पुढे देतो, आणि तो झटका संपत आला की हळूच नाक वर करत करत डबा साडेचौदा अंशांपर्यंत कलवतो, तेवढ्या कलण्याने वजनाचा बरोबर पाव हिस्सा पाठीकडे येतो. हे कलणं सेकंदाला तीनेक अंशांपेक्षा जास्त जोरात करायचं नाही, कारण त्याच्यापुढे गेलं की नळ्यांना ते कळतं आणि चोरी पकडली जाते. म्हणजे पूर्ण कलायला पाचेक सेकंद लागतात. आणि या सगळ्या वेळात समोरच्या पडद्यावर क्षितिज एकदम सपाट ठेवायचं, रनवेचे दिवे अंगावर येत राहिले पाहिजेत. डोळे म्हणतात सपाट आहे, खडे म्हणतात मागे ओढ आहे, नळ्या गप्प आहेत, मग मेंदू तिघांचं ऐकून निकाल देतो की पुढे धावतोय. प्रत्यक्षात बऱ्याच सिम्युलेटरमध्ये पूर्ण पाव जी देत पण नाहीत, थोडं कमीच ठेवतात, तरी कोणी तक्रार करत नाही.

झटका देऊन झाला की डबा परत गुपचूप मध्यावर आणून ठेवायचा असतो, पुढच्या झटक्याला जागा हवी ना. याला आमच्यात वॉशआउट म्हणतात. चांगला वॉशआउट म्हणजे आतल्याला पत्ताच लागत नाही की आपण मागे सरकलो. ब्रेक लावताना याच्या उलट, डबा नाकावर झुकतो आणि तुम्ही पट्ट्यात लोंबकळता. बाहेरून बघितलं तर एखादा म्हातारा हत्ती गुडघे वाकवून उठबस करतोय असं दिसतं.

प्रश्न : काका, मी घरी कॉम्प्युटरवर फ्लाइट सिम खेळते, तीन मॉनिटर लावलेत. खुर्ची साधी आहे, हलत बिलत नाही, तरी वळताना मी खरंच एका बाजूला झुकते आणि आई हसते. हे माझंच होतं का? (बारावी, नाशिक)

तुझंच नाही, सगळ्यांचं होतं, आईला एकदा बसव. एसटी स्टँडवर आपली गाडी उभी असते, शेजारची गाडी मागे सरकायला लागते आणि आपल्याला वाटतं निघालो एकदाचे, तसंच हे. दादरला लोकलमध्ये पण दिवसातून कितीतरी लोक असे फसतात. याला व्हेक्शन म्हणतात, म्हणजे अंग स्थिर असताना नुसत्या दिसण्यावरून हालचाल जाणवणं, आणि एर्न्स्ट माख यांनी 1875 मध्येच शरीराच्या हालचालीच्या जाणिवेवर पुस्तक लिहून याची चर्चा केली होती. माख म्हणजे विमानाचा वेग सांगताना मॅक 1, मॅक 2 म्हणतात ना, त्यातले तेच.

तीन मॉनिटर लावलेस हे फार महत्त्वाचं आहे. समोर जे बारीक दिसतं त्याच्यापेक्षा डोळ्याच्या कडेला जे वाहत जातं त्यानेच व्हेक्शन जास्त येतं. म्हणून मोठ्या सिम्युलेटरमध्ये पडदा डावीउजवीकडे मिळून 180 अंशांच्या आसपास असतो, आणि तो पडदा पण सरळ बघायचा नसतो, वक्र आरशातून बघायचा असतो, म्हणजे चित्र हातभर लांब न वाटता पार लांबवर असल्यासारखं दिसतं आणि शेजारी शेजारी बसलेल्या दोन्ही पायलटना रनवे आपल्या समोरच दिसतो. तो आरसा काचेचा नसतो बरं का, पातळ मायलरची, म्हणजे चकचकीत प्लॅस्टिकची, फिल्म मागून व्हॅक्युमने ओढून ताणलेली असते. तिच्यावर बोट लागलं की आमचे साहेब आठवडाभर बोलायचे नाहीत.

डोळ्याला असं फसवायचा खेळ पण जुनाच आहे. 1894 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जत्रेत "भुताटकीचा झोपाळा" नावाचा खेळ होता. एका खोलीत मोठा झोपाळा, लोक बसायचे, झोपाळा जवळजवळ जागेवरच आणि अख्खी खोली, टेबलखुर्च्या खिळवलेली, भोवती फिरवायचे. लोक झोपाळ्याला घट्ट धरून बसायचे, आपण उलटे होऊन पडणार म्हणून. पुढच्या वर्षी त्याच्यावर एका मानसशास्त्राच्या मासिकात लेख पण आला. आणि 1974 मध्ये एडिनबरोला डेव्हिड ली आणि एरिक अॅरन्सन यांनी नुकतीच उभी राहायला शिकलेली बाळं अशा खोलीत उभी केली जिच्या भिंती पुढेमागे सरकतात. जमीन स्थिर, भिंत सरकली, आणि बाळं डोलायला लागली, काही तर बदकन पडली. म्हणजे उभं राहायलाच आपण डोळ्यावर इतके विसंबून असतो. तेव्हा तू झुकतेस त्यात काही नवल नाही.

फक्त एक गोष्ट लक्षात ठेव, व्हेक्शन यायला वेळ लागतो, काही सेकंद जातात. कान मात्र ताबडतोब सांगतो, पण नंतर थकतो. म्हणून मी नेहमी म्हणतो, सुरुवात कानाची आणि संसार डोळ्याचा. हलणाऱ्या डब्याचं खरं काम एवढंच, डोळ्याला पटेपर्यंतचे ते पहिले दोनचार सेकंद भरून काढायचे.

प्रश्न : मुलगा हवाई दलात निवडला गेलाय. तो म्हणतो की त्यांना शिकवतात, शरीराला काय वाटतंय त्यावर विश्वास ठेवू नका, मीटर बघा. मग सिम्युलेटरमध्ये शरीराला हुबेहूब वाटावं म्हणून एवढे कोटी कशाला घालवायचे? (एक आई, कोल्हापूर)

ताई, तुमच्या मुलाचं अभिनंदन, आणि प्रश्न असा विचारलाय की मी दोन दिवस विचार करत होतो.

वर मी जी चलाखी सांगितली ना, कान झुकणं आणि झेपावणं यात फरक करू शकत नाही, ती सिम्युलेटरमध्ये आपल्या फायद्याची आहे. खऱ्या विमानात तीच उलटी बसते. रात्री, समुद्रावर, बाहेर एक दिवा नाही, आणि पायलटने इंजिनचा पूर्ण जोर लावला. विमान झेपावतंय, खडे मागे सरकले, आणि आता डोळ्याला सपाट क्षितिज दिसतच नाहीये, तर मेंदू निकाल देतो की नाक वर उठलंय, फार वर उठलंय. पायलट नाक खाली दाबतो. 23 ऑगस्ट 2000 ला कैरोहून बहारीनला आलेलं गल्फ एअरचं ए 320 लँडिंग सोडून पुन्हा वर जाताना असंच समुद्रात गेलं, 143 माणसं, आणि तपासात हा भ्रम एक कारण म्हणून नोंदला गेला. विमान धडधाकट होतं.

आपल्याकडची आठवण तर त्याहून जुनी. 1 जानेवारी 1978, सांताक्रूझहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं "एम्परर अशोक" हे जम्बो, टेकऑफ होऊन दोन मिनिटं पण झाली नव्हती, वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं, 213 जण गेले. कॅप्टनसमोरचा ॲटिट्यूड इंडिकेटर, म्हणजे विमान कुठे कललंय ते दाखवणारं मीटर, बिघडून उजवीकडे कललोय असं दाखवत राहिलं आणि ते डावीकडे वळवत गेले, वळवत गेले, विमान 90 अंशांच्याही पलीकडे कललं. खाली काळा समुद्र, वर काळं आभाळ. शेजारच्या पायलटचं मीटर बरोबर होतं. माझ्या वडिलांच्या पिढीतले लोक अजून नववर्षाच्या रात्री ही गोष्ट काढतात.

आता तुम्ही म्हणाल, मीटरने फसवलं तेव्हा कानाने का नाही सांगितलं? नाही सांगत. सावकाश कललं तर नळ्यांना कळत नाही, आणि नीट वळणाऱ्या विमानात वजन कायम पायाकडेच जाणवतं, म्हणून खड्यांना पण वाटतं सगळं सरळ आहे. पंधरावीस सेकंद एकसारखं वळत राहिलं तर नळीतलं पाणी नळीच्या बरोबर फिरायला लागतं आणि वळतोय ही जाणीवच जाते. फुगडी आठवा, थांबलो की अंगण उलटं फिरतं. तिथे तोल गेला तर मैत्रीण धरते, विमानात वळण थांबवलं की पायलटला उलटीकडे वळल्यासारखं वाटतं आणि तो परत पहिल्याच वळणात जातो.

म्हणून मुलाला शरीराचं ऐकू नको हे सांगून भागत नाही, ते जेव्हा खोटं बोलतं तेव्हा किती खरं वाटतं हे अनुभवायला लागतं. बंगळुरूला हवाई दलाच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये खास याच कामासाठी दिशाभ्रमाचा सिम्युलेटर आहे, तिथे पायलटला मुद्दाम फसवतात. म्हणजे पैसे हुबेहूब वाटण्यासाठी पण आहेत आणि वाटण्यावरचा भरवसा मोडण्यासाठी पण. तुमच्या मुलाला विचारा, तो तिथून आला की सांगेल.

प्रश्न : पहिला सिम्युलेटर कोणी बनवला? (आठवी, चिपळूण)

अमेरिकेत बिंगहॅम्टनला एडविन लिंक नावाचा माणूस होता, वडिलांचा ऑर्गन आणि पियानो बनवायचा कारखाना. त्याने 1929 च्या सुमारास ऑर्गनचे भाते वापरून, आपल्या पेटीला असतो तसलेच पण मोठे, डोलणारं खोटं विमान बनवलं. सुरुवातीला ते जत्रेतल्या खेळासारखंच विकलं गेलं. 1934 मध्ये अमेरिकन सैन्याला टपाल वाहायचं काम मिळालं, खराब हवेत एकामागून एक पायलट मरायला लागले, तेव्हा त्यांनी 6 ट्रेनर घेतले. गंमत म्हणजे त्यात बाहेरचं काहीच दिसत नव्हतं, वरून झाकण बंद, नुसती मीटर. आजचे सहा पायवाले डबे नंतरचे, त्याला स्टुअर्ट प्लॅटफॉर्म म्हणतात, 1965 च्या एका लेखावरून, पण तसंच मशीन टायर तपासायला इंग्लंडमध्ये एरिक गॉफने आधीच बनवलेलं होतं. नाव एकाचं झालं, काम दुसऱ्याचं, हे सगळीकडेच असतं.

प्रश्न : आमच्या ओळखीतले एक कॅप्टन, तीस वर्षं उडवतायत, सिम्युलेटरमध्ये त्यांना मळमळतं. नवीन पोरं मात्र मजेत असतात. हे उलटं नाही का? (पुणे)

उलटं वाटतं पण बरोबर आहे. 1957 मध्येच अमेरिकन नौदलाच्या हेलिकॉप्टर सिम्युलेटरवर हे लक्षात आलं होतं की शिकाऊंपेक्षा मुरलेल्या इन्स्ट्रक्टरना जास्त त्रास होतोय. कारण त्यांच्या अंगात खरं विमान मुरलेलं असतं. विमान वळवायची काठी अशी हलवली की पोटात असं व्हायला पाहिजे, हे मेंदूने आधीच मांडून ठेवलेलं असतं, आणि तसं झालं नाही की मेंदू गडबडतो. पोरांचं पोट अजून काही अपेक्षाच करत नाही. खंबाटकी घाटात मोबाईल बघत बसलं की कसं होतं, डोळा म्हणतो स्थिर, कान म्हणतो वळण, तसंच, फक्त इथे डोळा म्हणतो वळण आणि कान म्हणतो कुठे काय.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे उशीर. काठी हलवली आणि चित्र किंवा डबा जरा मागून आला की संपलं. म्हणून वरच्या दर्जाच्या सिम्युलेटरला नियम आहे, 150 मिलिसेकंदांच्या आत उत्तर आलं पाहिजे, नव्या नियमांत तर 100. एकदा आमच्याकडे (जागा सांगत नाही) कॉम्प्युटरमध्ये काहीतरी बदल केला आणि चित्र डब्याच्या किंचित मागे पडायला लागलं. आम्हाला बाहेरून काही दिसेना, टेस्ट पण धावत्या नजरेने पास झाली, आणि दुपारपर्यंत दोन इन्स्ट्रक्टर पांढरे पडून बाहेर आले, तिसरे चहा पण नको म्हणाले तेव्हा आम्ही आकडे नीट काढून बघितले. माझ्या मते माणसाचं पोट हे आमच्याकडचं सगळ्यात बारीक मीटर होतं.

तुमच्या कॅप्टनना सांगा, डोकं कमी हलवा, मध्ये ब्रेक घ्या, आणि मोशन चालू असताना मागे वळून इन्स्ट्रक्टरशी गप्पा मारू नका. आणि त्रास झाला असेल तर लगेच गाडी चालवत घरी जाऊ नये, हा परिणाम काही तास रेंगाळतो.

प्रश्न : तुमच्या म्हणण्याप्रमाणे डोळाच मालक असेल तर हे सहा पाय हवेतच कशाला? आणि लाइट घालवून, डोळ्याशिवाय, स्वतः करून बघता येईल असं काही सांगाल का? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, औरंगाबाद)

माझ्या पोटावर पाय देणारा प्रश्न आहे, पण प्रामाणिकपणे सांगतो, यावर भांडण जुनं आहे. अमेरिकेच्या वोल्पी सेंटरने, म्हणजे वाहतुकीवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने, एअरलाइनच्या पायलटवर मोशन चालू आणि मोशन बंद अशी तुलना केली होती, तेव्हा चित्र चांगलं असेल तर ट्रेनिंगमध्ये लक्षात येण्याजोगा मोठा फरक पडला नाही. मी निवृत्त झालोय म्हणून हे मोकळेपणाने लिहितोय.

पण सगळंच सारखं मोजू नका. पायलटने स्वतः वळवलं तर त्याला माहीतच असतं काय होणार, तिथे डबा हलला काय नि नाही काय. याउलट टेकऑफला एक इंजिन गेलं, विमान एका बाजूला खेचलं, तर तो झटका कानाला आणि बुडाला आधी कळतो, डोळ्याला रनवे सरकलेला नंतर दिसतो, आणि तिथे तो अर्धा सेकंद मोलाचा असतो. हेलिकॉप्टर जागेवर तरंगत ठेवायचं असेल तर तसंच. नासाच्या एम्स सेंटरला कॅलिफोर्नियात एक सिम्युलेटर आहे, तो वरखाली तब्बल 18 मीटर आणि आडवा 12 मीटर खरोखर जातो, स्पेस शटलचे अंतराळवीर तिथे लँडिंग शिकायचे. तिथे नाटक कमी आणि हालचाल खरी जास्त. तसं घरोघरी, आय मीन एअरलाइनोएअरलाइनी, परवडणार नाही.

माझं मत विचाराल तर पाय आखूड चालतील, पण उशिरा हलणारे पाय नकोत. चुकीच्या वेळी हलणाऱ्या डब्यापेक्षा बंद डबा बरा.

आणि तू लाइट घालवून करण्यासारखी एक गोष्ट विचारली होतीस, तर ही घे. ऑफिसची फिरती खुर्ची, डोळे बंद, मान सरळ, मित्राला सांग एकाच वेगाने सावकाश फिरव, बोलू नकोस, पायाने जमीन लावू नकोस. वीसेक सेकंदांनी तुला वाटेल त्याने फिरवणं थांबवलं. तेव्हा तू बोटाने दाखव कुठल्या बाजूला फिरतोय, मग त्याला हळूच थांबवायला सांग आणि परत बोटाने दाखव. बघणारे हसतील. फिरताना मान खाली घालू नकोस, फार वाईट गरगरतं, आणि मेसचं जेवण झाल्या झाल्या तर अजिबात करू नकोस.